मातीलाही पैसे पडतात

सरकारी शाळेतल्या खेळाच्या साहित्याचा विषय काढला की एक म्हण हटकून पुढे येते : नाचता येईना, अंगण वाकडं. जिल्हा परिषदेच्या शाळेत धड एक फुटबॉल नाही, उंच उडीला गादी नाही, मुलींच्या वाट्याला चेंडूच येत नाही, असं एखाद्या शिक्षकानं ग्रामसभेत सांगून पाहावं. सरपंचापासून गावातल्या जुन्या पैलवानापर्यंत सगळ्यांचं उत्तर एकच येतं. खेळाला काय लागतं? अंगात रग लागते, बाकी काही नाही. खाशाबा जाधवांकडे काय होतं? बीडच्या अविनाश साबळेकडे काय होतं? आम्ही चिंध्यांच्या चेंडूनं खेळलो, आमचं काय अडलं?

हे मत पारावरच राहिलं असतं तर त्याचं खंडन करत बसायचं कारण नव्हतं. पण ते देणगीदाराच्या मनात आहे, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आहे, आणि जिथं पैशांची वाटणी होते तिथंही आहे. गावातला दाता शाळेला टीव्ही संच देतो, रंगरंगोटी करून देतो, प्रवेशद्वारावर नावाची पाटी लावून घेतो. अडथळ्यांच्या शर्यतीचे दहा अडथळे दिल्याची पाटी मी तरी कुठे पाहिलेली नाही.

पूर्वपक्ष त्याच्या सगळ्यात भक्कम रूपात मांडायचा तर असा मांडता येईल. कुस्ती, कबड्डी, खो-खो, आट्यापाट्या, लगोरी हे इथले खेळ जवळजवळ साहित्याविना खेळले जातात आणि गरीब शाळेला तेच परवडतात. मग परक्या, खर्चिक खेळांचा हव्यास कशाला? खेळाडू घडतो तो जिद्दीनं, आणि अभावातून वर आलेल्यांची उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. शिवाय साहित्य दिलं तरी होतं काय? ते कपाटात कुलूपबंद पडतं. थोडक्यात, मागणी अनाठायी, पुरावा उलट बाजूचा आणि खर्च पाण्यात.

यातला कपाटाचा मुद्दा खरा आहे. त्याच्याकडे मी उशिरा येईन, कारण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथंच आहे. पहिले दोन मात्र माझ्या मते निखालस चूक आहेत.

मातीपासूनच सुरुवात करू. तालमीच्या हौद्यातली माती शेतातून पाटीभर उचलून आणलेली नसते. तांबडी माती मिळवायची, चाळायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरवायचं, ती रोज खोऱ्यानं उकरायची, तिची ओल राखायची, ठरावीक काळानं ती बदलायची. याला पैसे पडतात आणि माणूस लागतो. पैलवानाचा खुराक वेगळाच. कोल्हापूरला कुस्तीची पंढरी म्हणतात ती काही पंचगंगेच्या पाण्याची करामत नव्हे. राजर्षी शाहूंनी तालमींना आश्रय दिला, मल्लांच्या राहण्याखाण्याची सोय लावली, १९१२ साली खासबाग मैदान उभं करून दिलं. संस्थानाच्या तिजोरीतून वर्षानुवर्षं खर्च झाला म्हणून ती कुस्ती फोफावली. मल्लखांबाचंही तेच. शिसव किंवा सागाचा जाड सोट, तो तासून निमुळता करायचा, गुळगुळीत घासायचा, जमिनीत पक्का रोवायचा, वर एरंडेल चोळायचं. एखाद्या शाळेनं आज चांगल्या लाकडाचा मल्लखांब घडवून घ्यायचा ठरवला, तर तिचं वर्षाचं खेळाचं अनुदान सुताराकडेच संपून जाईल.

खो-खो तर बिनखर्चाच्या खेळाचा नमुना म्हणून दाखवला जातो. पण पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४च्या सुमारास या खेळाचे नियम बांधले, तेव्हापासून तो मापांचा खेळ झाला. आज त्याचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन टोकांना सव्वा मीटरपर्यंत उंचीचे गुळगुळीत खांब, कुठे कंगोरा नको, खिळा नको, कारण धावणारा त्याला धरून वळतो आणि पाठलाग करणारा त्याच्या दिशेनं अंग झोकून देतो. आता तो मॅटवर गेला. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते. ती स्पर्धा बंदिस्त सभागृहात, मॅटवर झाली. आपल्याकडे त्या विजयाच्या मिरवणुका निघाल्या, पण मॅट गावात कधी येणार, हे मिरवणुकीत कुणी विचारलं नाही.

कबड्डीचंही तसंच. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. फक्कीनं रेघा मारल्या की मैदान तयार होतं, हे आजही खरं आहे. तालुक्याच्या पुढे गेल्यावर मात्र खेळ मॅटवर होतो आणि मॅट लाखाच्या घरात जाते. मातीवर अनवाणी खेळणारी मुलगी आपला पाय किती सरकेल याचा हिशेब धरून वळते. तो हिशेब तिच्या अंगात भिनलेला असतो. मॅटवर बूट घालून उतरल्यावर पाय सरकत नाही, जागीच धरला जातो, आणि वळण्याचा सगळा झटका गुडघ्यावर येतो. सूर मारून पाय धरायचा तर मातीवर कोपर सोलवटतं, म्हणून मातीवरची मुलं सूर मारायला कचरतात. मॅटवर वाढलेली कचरत नाहीत. दोघी एकाच नियमावलीनं खेळतात, पण दोघींनी शिकलेला खेळ निरनिराळा असतो. कुस्तीनं हा फरक निदान उघड मान्य केला आहे. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती विभाग आणि गादी विभाग स्वतंत्र खेळवले जातात, ते उगाच नाही.

साहित्य नसलं की खेळाचं नेमकं काय बिघडतं, हे उंच उडीतून सगळ्यात स्वच्छ दिसतं. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरी या अमेरिकन खेळाडूनं दांडीकडे पाठ करून, डोकं आधी पलीकडे टाकून सुवर्णपदक मिळवलं. त्या पद्धतीत शरीर दांडीवरून कमानीसारखं वळतं आणि गुरुत्वमध्य दांडीच्या खालून गेला तरी उडी साधते. पुढच्या काही वर्षांत जगातल्या जवळपास सगळ्या उडीपटूंनी ती उचलली. पण ती शक्य झाली ती फोमच्या जाड गादीमुळे. पूर्वी वाळूत किंवा भुशात उतरायचं असे, आणि वाळूत पायांवरच उतरावं लागतं. आपल्या बहुतेक सरकारी शाळांमध्ये आजही वाळूचाच खड्डा आहे, तोही असला तर. चांगला शिक्षक वाळूत पाठीवर पडायला शिकवणार नाही. मान मोडली तर जबाबदार कोण? तो कात्री पद्धत शिकवतो. मग चौदा वर्षांची एखादी उंच, लवचिक मुलगी जिल्ह्याला जाते, तिथं गादी असते, आणि शहरातल्या शाळेची मुलगी तिच्यासमोर पाठीवरून सहज पलीकडे जाते. आपल्या मुलीच्या पायांत जोर कमी नसतो. ती साठ वर्षांपूर्वीची उडी मारत असते, कारण तिच्या शाळेचा खड्डा साठ वर्षांपूर्वीचा आहे. याला रगीचा अभाव म्हणायचं?

फेकीच्या खेळांत वजनच वयानुसार ठरलेलं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना पाच किलोचा गोळा आणि मुलींना तीन किलोचा; भाला मुलांना सातशे ग्रॅमचा, मुलींना पाचशेचा. ओढ्यातला गोटा फेकून दंड बळकट होतो, नाही असं नाही. पण गोळा मानेला टेकवून, बोटांच्या मुळाशी धरून, वर्तुळात सरकत फेकायचा असतो. वेडावाकडा गोटा तसा धरताच येत नाही. बांबूच्या भाल्याचा तोल कुठे असेल हे त्या बांबूवर अवलंबून. मुलगा बिचारा दर वर्षी नव्या बांबूशी जुळवून घेतो आणि स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा खरा भाला हातात धरतो.

आता उदाहरणांकडे येऊ, कारण पूर्वपक्षाचा सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. पहिलं नाव अर्थात खाशाबा जाधवांचं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ला लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा प्रवासखर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. फ्लायवेट गटात ते सहावे आले. तोवरची त्यांची सारी कुस्ती मातीवर झालेली. गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम यांची गाठ तिथं पडली. पुढची चार वर्षं त्यांनी त्या तयारीत घालवली. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. तिचा जमाखर्च मांडून पाहिला तर ती खर्चाची गोष्टही आहे. यातून जिद्द वजा केली तर पदक उरत नाही, हे मान्य. पण प्राचार्यांचं घर वजा केलं तरी ते उरत नाही. आणि पुढचं वैयक्तिक पदक लिएंडर पेसनं आणायला १९९६ उजाडलं. मधल्या ४४ वर्षांत या देशात रगीची पोरं जन्मलीच नाहीत, असं म्हणायची कुणाची तयारी आहे का? की गहाण टाकायला घरं आणि ती टाकणारे प्राचार्य कमी पडले?

अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. लहानपणी काही किलोमीटर पायपीट करत, पळत शाळेला जात, हे सर्वश्रुत आहे आणि त्यावरून भाषणं ठोकली जातात. पण त्यांनी नाव मिळवलं ते तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये. त्यात २८ वेळा न हलणारा लाकडी अडथळा ओलांडायचा असतो आणि सात वेळा अडथळ्यापुढचा पाण्याचा खड्डा. हा प्रकार ते शाळेत शिकले नाहीत, शिकणं शक्यही नव्हतं. बारावीनंतर ते सैन्यात गेले, तिथं धावपटू म्हणून पुढे आले आणि विशी ओलांडल्यावर स्टीपलचेसकडे वळले. २०२२मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आठ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य आणि २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, ही त्याची फळं. शाळेनं जे दिलं नाही ते सैन्यानं दिलं. साबळे यांचं उदाहरण साहित्याच्या बाजूनं साक्ष देतं. आपण त्यांना चुकून विरुद्ध बाजूच्या साक्षीदारांत उभं केलं आहे.

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचे तिरंदाज प्रवीण जाधव यांचंही तसंच. आईवडील मजुरी करणारे, शाळा जिल्हा परिषदेची. एका शिक्षकाची नजर पडली, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश मिळाला, तिथं हातात धनुष्य आलं, आणि तो मुलगा टोकियो ऑलिंपिकला गेला. बांबूच्या धनुष्यानं खेळायचा भारतीय प्रकार ३० आणि ५० मीटरवर असतो. ऑलिंपिकचं रिकर्व्ह धनुष्य ७० मीटरवर चालतं आणि त्याचा संच लाखांत जातो. मजुराच्या घरात तो येणार कुठून? कोल्हापूर जिल्ह्यातले स्वप्नील कुसाळे, ज्यांनी २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्य मिळवलं, तेही क्रीडा प्रबोधिनीतूनच घडले. रायफलीला चिंध्यांचा पर्याय नसतो. शहरातल्या वाचकाला जवळचं उदाहरण हवं असेल तर सचिन तेंडुलकर आहेच. रमाकांत आचरेकरांनी त्याला वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात जायला सांगितलं, कारण तिथं क्रिकेट होतं. त्याच्या घराला शाळा बदलणं जमलं. वाडीवरच्या मुलानं शाळा बदलून जायचं कुठे? पंचक्रोशीत दुसरी शाळा असली तर तीही तशीच.

या सगळ्या उदाहरणांत आणखी एक गफलत आहे. जिंकलेल्यांची नावं छापली जातात. जे वाळूच्या खड्ड्यापाशी थांबले, ज्यांना आपण भाला फेकू शकतो हे कधी कळलंच नाही, त्यांची यादी कुणी ठेवत नाही. अभावातून आलेले पाच खेळाडू दाखवून अभाव गुणकारी ठरवायचा, तर अभावात विरून गेलेल्यांची संख्याही समोर ठेवावी लागेल. ती कुणाकडे नाही, आणि तरी निष्कर्ष काढून सगळे मोकळे.

मी पूर्वपक्षाचं एक म्हणणं मनापासून मान्य करतो. पहिली-दुसरीच्या मुलांना खेळायला फारसं काही लागत नाही. विटीदांडू, सूरपारंब्या, लंगडी, जोर लावून पळणं, झाडावर चढणं यांत जे आहे ते विकत मिळत नाही, आणि ज्या शाळांनी महागड्या सिंथेटिक मैदानावर रांगेत उभं करून त्या वयाची मुलं बोअर करून टाकली आहेत त्यांच्यापेक्षा चिंचेखालची शाळा भाग्यवान. पण पाचवी-सहावीनंतर राज्य स्वतःच खेळाला स्पर्धेचं रूप देतं. केंद्र, बीट, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी उभी करतं. त्या शिडीवर कुणी किती चढलं यावरून दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात आणि पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण असतं. खेळ हा निव्वळ करमणुकीचा विषय असता, तर कुणाकडे किती चेंडू याची उठाठेव न करताही चाललं असतं. सरकार जेव्हा खेळाच्या निकालावर गुण आणि नोकऱ्या वाटतं, तेव्हा त्या निकालाआधी कुणाच्या हातात काय होतं, हा न्यायाचा प्रश्न होतो. परीक्षा सगळ्यांची घ्यायची आणि पुस्तकं निम्म्यांनाच द्यायची, हे आपण गणिताच्या बाबतीत खपवून घेतलं नसतं.

कायद्यानं हे आधीच ओळखलेलं आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण हवं असं म्हटलं आहे, आणि स्वतंत्र कलम घालून खेळणी, खेळ आणि क्रीडासाहित्य ‘प्रत्येक वर्गाला’ गरजेनुसार पुरवायचं असं लिहिलं आहे. प्रत्येक शाळेला नव्हे, प्रत्येक वर्गाला. म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतली एक पेटी दाखवून कायद्याची पूर्तता होत नाही. सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तिथं आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूदही त्याच अनुसूचीत आहे. शंभराखालच्या शाळांचं काय, याबद्दल ती गप्प आहे, आणि वाडीवस्तीवरच्या शाळा नेमक्या त्याच.

पैशाचं गणितही पाहू. समग्र शिक्षा योजनेत खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला प्राथमिक शाळेला ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकपासून पुढे २५,००० रुपयांपर्यंत अशी तरतूद ठेवली गेली. साठ पटाच्या प्राथमिक शाळेत दर मुलामागे वर्षाला ८३ रुपये. दीडशे पटाच्या शाळेला तीच रक्कम, म्हणजे ३३ रुपये. उलट वीस पटाच्या शाळेत दरडोई अडीचशे होतात, पण तिथंही पाच हजारांत मॅट येत नाही, गादी येत नाही, अडथळ्यांचा संच येत नाही. येतं ते दोन चेंडू, चार रिंगा, दोऱ्या, एक कॅरम. मोठ्या शाळेला ते पुरत नाही आणि लहान शाळेला पुढच्या पायरीवर नेत नाही. सगळ्यांना सारखी रक्कम दिली की न्याय झाला असा समज यामागे आहे.

उरलेलं लोकसहभागातून उभं करा, असं अधिकारी सांगतात. करतातही काही गावं. पण साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या गावाची वर्गणी आणि त्या कारखान्यांकडे ऊसतोडीला जाणाऱ्या गावाची वर्गणी एका मापात कशी यायची? त्या दुसऱ्या गावातली निम्मी कुटुंबं ऐन हंगामात कोयते घेऊन बाहेर असतात. लोकवर्गणीवर सोडणं म्हणजे ज्याच्या घरी आहे त्याच्याच ताटात वाढणं.

आणि आता कपाट. साहित्य कुलूपबंद पडतं, हे सोळा आणे खरं. पूर्वपक्ष यावरून शिक्षक आळशी आहेत असा निष्कर्ष काढतो. माझ्या समजुतीप्रमाणे कारण शिक्षकाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा नोंदवहीत शोधावं. साहित्य आलं की ते जडसंग्रह नोंदवहीत चढतं, टेबल, खुर्ची, लोखंडी कपाट यांच्याच रांगेत. एकदा चढलं की ते शाळेत ‘असलं’ पाहिजे. मुख्याध्यापकांची बदली झाली की चार्ज देताना एकेक नग मोजून द्यावा लागतो. फुटबॉल फाटला तर त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा, तो वर पाठवायचा, मंजुरीची वाट पाहायची, तोवर फाटलेलं कातडं जपून ठेवायचं. लेखापरीक्षणात नग कमी आढळला तर प्रश्न मुख्याध्यापकाला. अशा माणसानं पोरांच्या हातात नवा चेंडू का द्यावा? त्याच्या जागी मीही किल्ली खिशात ठेवली असती. जो चेंडू खेळला जातो तो झिजतो, आणि झिजण्याची शिक्षा ज्यानं खेळू दिलं त्याला. खडूचा हिशेब असा ठेवला असता तर महाराष्ट्रातले फळे कोरेच राहिले असते.

म्हणून साहित्य वाया जातं यावरून साहित्य देऊ नये असं निघत नाही. निघतं ते इतकंच की हिशेबाची पद्धत बदलली पाहिजे. चेंडू, रिंगा, दोऱ्या, शटल, जाळी या वस्तू खडूप्रमाणे खर्ची पडणाऱ्या समजाव्यात. वर्षअखेर त्या संपलेल्या असणं अपेक्षित धरावं.

कपाटाला लागून मुलींचा प्रश्न येतो. शाळेत एकच चेंडू असला की तो कुणाकडे जातो हे सांगायला नको. सातवी-आठवीची मुलं मधल्या सुट्टीत तो पळवतात, मैदानाचा मधला भाग त्यांचा, मुली भिंतीच्या कडेला. मग काही वर्षांनी तीच मोठी माणसं म्हणतात, मुलींना खेळात रस नसतो. टंचाईचा पहिला फटका सगळ्यांना सारखा बसत नाही, तो ज्याचा हक्क आधीच कमी धरला जातो त्याला बसतो. अपंग मुलांना तर चेंडू सोडाच, मैदानावर नेण्याचंही कुणाला सुचत नाही. घुंगरांचा चेंडू ही काही अप्राप्य वस्तू नाही. अमेरिकेत १९७२च्या टायटल नाइन कायद्याखाली १९७५ला जे नियम झाले, त्यांत मुलामुलींना खेळात समान संधी मिळते का हे तपासण्याची यादी आहे, आणि त्या यादीत साहित्याची तरतूद दुसऱ्याच क्रमांकावर आहे, प्रशिक्षणाच्या, प्रवासाच्या आधी. त्यांना कळलं होतं की समानता जाहीर करून येत नाही, चेंडू मोजावे लागतात. नाशिकच्या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत यांनी २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य मिळवलं, तेव्हा अनवाणी धावण्याच्या कथा पुष्कळ छापल्या गेल्या. धावणं हाच एक प्रकार असा की ज्यात चेंडू कुणाकडून मागावा लागत नाही. गरीब घरच्या मुली धावण्यातच जास्त का दिसतात, याचं उत्तर मला त्यांच्या पायांपेक्षा शाळेच्या कपाटात सापडतं.

मग करायचं काय? प्रत्येक शाळेला मॅट आणि फोमची गादी द्या, असं मी म्हणत नाही. वीस पटाच्या शाळेत ती ठेवायला खोली नाही. पण आपल्याकडे केंद्रशाळेची रचना तयार आहे. दहा-बारा शाळांचं एक केंद्र असतं, त्याला केंद्रप्रमुख असतात, महिन्याला शिक्षण परिषद भरते. मॅट, उंच उडीची गादी, अडथळे, योग्य वजनाचे गोळे आणि भाले केंद्रशाळेत ठेवावेत आणि शाळांना आठवड्याचे वार वाटून द्यावेत. मुलींचे वार वेगळे. तालुका क्रीडा संकुलं पुष्कळ ठिकाणी उभी राहिली आहेत, पण वाडीवरून तालुक्याला जायला एसटी दिवसातून दोनदा. चालत गाठता येईल असं ठिकाण केंद्रशाळाच. शाळेला मिळणाऱ्या रकमेत ठोक भाग थोडा आणि पटानुसार भाग मोठा असावा, आणि डोंगरी, आदिवासी, स्थलांतरित भागांना त्यावर वाढीव. कपाटाची किल्ली आठवी-नववीच्या दोन मुलांकडे, त्यातली एक मुलगी, दर महिन्याला जोडी बदलून. हे काही शाळांमध्ये शिक्षक आपल्या जबाबदारीवर करतातच. त्यांना त्यासाठी धाडस करावं लागू नये.

यावर शेवटचा आक्षेप येईल तो ठरलेला : चेंडू फुटतील, हरवतील, पोरं घरी नेतील. नेतील. सुट्टीत घरी नेलेल्या चेंडूनं वस्तीवरची आणखी दहा पोरं खेळतील. केंद्रप्रमुखांच्या भेटीच्या अहवालात साहित्य किती नग आहे याबरोबरच वर्षभरात किती झिजलं, किती फुटलं असा एक रकाना घालावा, आणि ज्या शाळेचा तो रकाना कोरा असेल तिच्याकडून खुलासा मागवावा.